रकान्यातलं बेट

गुढीपाडव्याला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, पण ती गुढीची नसते. सरकारी यादीत त्या दिवसाचं नाव उगादी आहे आणि उगादी तेलुगू समाजाच्या खात्यावर जमा आहे. मराठी समाजाच्या खात्यावर गणेश चतुर्थी. तमिळांना थायपुसम कावडी, चिनी वंशाच्या लोकांना वसंतोत्सव, मुसलमानांना ईद, ख्रिस्ती लोकांना नाताळ. महाशिवरात्र आणि दिवाळी आहेतच. शिवाय १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी आणि २ नोव्हेंबरला करारबद्ध मजूर बेटावर उतरल्याची. चैत्र शुद्ध प्रतिपदा मराठी आणि तेलुगू दोघांचीही, पण यादीत तिला वारस एकच. ही वाटणी कुठल्या भटजीने केलेली नाही, सरकारने केली आहे. एखादं छोटं बेट स्वतःची ओळख घडवायला बसलं की त्याचं सरकार काय काय करतं, हे पाहायला ही सुट्ट्यांची यादी चांगली आहे.

हा देश किती छोटा, ते आम्हा रत्नागिरीकरांना चटकन कळेल. मॉरिशसचं सगळं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आमचा जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे असे चार देश त्यात मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, आमच्याहून कमी. आमची तरी कुठे वाढते आहे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. इथली माणसं निघून जातात. आमच्या पालीच्या तिठ्यावर उभं राहिलं तर एक रस्ता लांज्यावरून गोव्याला जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला, आणि तिसरा हातखंब्यावरून मुंबईला. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांवर गाणी झाली, नाटकं झाली. पण एकोणिसाव्या शतकात याच टापूतून मुंबई गाठून पुढे उसाच्या बेटावर गेलेल्यांची इथे फारशी कुणाला आठवण नाही. मॉरिशसमधल्या मराठी माणसांचं मूळ मुख्यतः याच किनारपट्टीचं आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग होता.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ ला, बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना हात हवे होते आणि हिंदुस्थानात भुकेलेले हात पुष्कळ होते. पुढच्या पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख माणसं या बंदरात उतरली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून; मुंबईचा वाटा लहान. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, असा नियम होता.

उतरल्यावर प्रत्येकाची नोंद व्हायची. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. पुढे फोटोही आला. ही सगळी रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत आणि युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या यादीत त्यांची नोंद आहे. पण त्यांचे रकाने जरा जवळून पाहायला हवेत. त्यांत आडनावाला जागाच नव्हती. कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं नाव इंग्रजी-फ्रेंच वळणाने कागदावर उतरलं आणि बापा-आजोबाचं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणून मॉरिशसमध्ये भिवाजी, सखाराम, बाबाजी ही आडनावं भेटतात. गावाला रकाना होता, पण त्यात लिहिलेलं गाव आज शोधून काढणं महाकठीण. समजा, कारकुनाने ‘पाली’ असं नीट लिहिलं, तरी कोणती पाली? बल्लाळेश्वराची, खंडोबाची, की आमची?

आमच्या पालीत लक्ष्मीपल्लीनाथाचं देऊळ आहे. ज्यांचं हे कुलदैवत, ती घरं मुंबई-पुण्याला जाऊन पिढ्या लोटल्या तरी वाट वाकडी करून इथे येतात, कारण घरातल्या कुणीतरी देवाचं आणि गावाचं नाव जपून पुढच्याला सांगितलेलं असतं. समुद्रापार गेलेल्याच्या नातवाकडे बहुतेक वेळा हा धागा उरला नाही. त्याच्याकडे उरलं ते बंदर. मळ्यावर माणसांची वर्गवारी बंदरावरून झाली: कलकत्त्याचे, मद्रासचे, मुंबईचे. रत्नागिरीत जो कुणबी, मराठा, भंडारी किंवा महार होता, अमुक वाडीचा आणि तमुक गावाचा होता, तो तिथे मुंबईवाला झाला. या मुंबईवाल्याचा ‘मराठी’ झाला तो त्याहूनही नंतर, विसाव्या शतकात, मंडळं निघाली, शाळेत तास सुरू झाले, सरकारने गणती केली तेव्हा.

आपण समजतो की मॉरिशसच्या मराठी माणसाने आपली ओळख जपून ठेवली. जपून ठेवण्यासारखी ती मुळात तयार होऊन गेलीच नव्हती. ती बेटावर घडली, आणि ती घडवण्यात सरकारी कागदाचा हात मोठा आहे. इकडेही फार वेगळं नव्हतं. पुण्याच्या पेठेतला, खानदेशातला आणि लांज्याच्या खोऱ्यातला माणूस मराठी भाषेच्या राज्याचे नागरिक झाले ते १ मे १९६० ला.

मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, तो एका सुरात नव्हे. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना पोर्ट लुईमध्ये दंगल उसळली आणि ती शमवायला ब्रिटिश फौज आणावी लागली. अशा देशाचं निशाण हाती घेतलेले पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्यासमोर दोन वाटा होत्या. सगळ्यांना एका साच्यात घालून नवा मॉरिशियन माणूस तयार करायचा, किंवा प्रत्येकाच्या पूर्वजांचा मान राखून सगळ्यांना एका छपराखाली बसवायचं. बेटाने दुसरी वाट धरली आणि मग ती कारकुनी चोखपणाने सांभाळली.

राज्यघटनेने चार समाज मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि जीवनपद्धतीवरून या तिघांत न बसणारे ते सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. संसदेत ६२ जण निवडून येतात. त्यात कुठला समाज कमी पडला तर हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जण आत घेऊन तोल साधला जातो. या तोलासाठी आजही १९७२ च्या जनगणनेचे आकडे वापरतात, कारण त्यानंतर समाजनिहाय मोजणीच झालेली नाही. म्हणजे प्रतिनिधित्व आजचं, गणित पन्नास वर्षांपूर्वीचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये यावर ठपका ठेवला आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती उमेदवारांना समाज न सांगण्याची मुभा मिळाली. मूळ व्यवस्था जागच्या जागी राहिली.

नोटांचीही हीच कथा. शंभराच्या नोटेवर रेंगानादेन सीनीवासेन, दोनशेच्या नोटेवर अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेवर सुखदेव विष्णुदयाल, हजारावर गाएताँ द्युव्हाल, दोन हजारांवर शिवसागर रामगुलाम. पंचवीस आणि पन्नासवर एक चिनी वंशाचे आणि एक फ्रेंच वंशाचे गृहस्थ. पाकीट उघडलं की देशाची समाजवार यादीच हातात येते. १९९८ मध्ये या मालिकेच्या नोटांवर तमिळ अक्षरांच्या वर हिंदी अक्षरं छापली गेली. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि त्या नोटा मागे घेऊन नव्या छापाव्या लागल्या. एका ओळीची जागा चुकली म्हणून देशाचं चलन बदललं! हसू येतं खरं, पण बेळगावातल्या पाट्यांवरून ज्या राज्याचं रक्त तापतं त्या राज्यातल्या माणसाने फार हसू नये.

या सगळ्या मांडामांडीत मराठी माणूस कुठे बसतो? नोटेवर तो नाही. राज्यघटनेत तो ‘हिंदू’ या शब्दाच्या पोटात आहे. पण जनगणनेत धर्म विचारल्यावर कुणी ‘तमिळ’, कुणी ‘तेलुगू’, कुणी ‘मराठी’ असं उत्तर देतो आणि ती उत्तरं वेगवेगळी मोजली जातात. मराठी हा धर्म! आपल्याला हे अजब वाटेल, तिथे त्याला व्यवहारी अर्थ आहे. सरकार धार्मिक संस्थांना दरवर्षी अनुदान देतं ते अनुयायांच्या संख्येवर, त्यामुळे स्वतंत्र मोजलं जाणं म्हणजे स्वतंत्र असणं. मराठी मंडळांचं फेडरेशन आहे. कायद्याने स्थापन झालेलं मराठी सांस्कृतिक केंद्र आहे, मराठी भाषकांचा संघ आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठीचा तास असतो, १९७० मध्ये उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, सरकारी रेडिओ-टीव्हीवर मराठी कार्यक्रम होतात आणि सांस्कृतिक खातं दरवर्षी मराठी नाट्यस्पर्धा भरवतं. परक्या देशात कुठल्या सरकारने मराठीसाठी इतकं केलं आहे, असा प्रश्न विचारला तर दुसरं नाव पटकन सुचत नाही.

एवढं होऊनही घरात मराठी बोललं जात नाही, अगदी थोडी घरं सोडली तर. बेट बोलतं क्रियोल. २०११ च्या जनगणनेत दहांपैकी आठांहून अधिक लोकांनी घरची भाषा म्हणून तीच सांगितली. संसदेची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, बाजार आणि भांडण क्रियोलमध्ये. मराठीचं नाव तिथे ‘पूर्वजांची भाषा’ या मथळ्याखाली येतं. पॅट्रिक आयझेनलोर या मानववंशशास्त्रज्ञाने २००६ च्या ‘लिटल इंडिया’ या पुस्तकात या पूर्वज-भाषांचा अभ्यास केला आहे. त्यातून ध्यानात येणारी गोष्ट अशी, की अशी भाषा बोलण्यासाठी शिकली जात नाही. आपण कोणाचे, हे सिद्ध करण्यासाठी शिकली जाते. तिच्यात पूजा होते, परीक्षा होते, स्वागताचं भाषण होतं. मुलाला रागावायचं झालं की आई क्रियोलमध्येच रागावते.

आणि जी शिकवली जाते ती तरी पूर्वजांची कुठे? शाळेत येते ती पुस्तकी प्रमाण मराठी. संगमेश्वर-लांज्याकडचा कुणबी गलबतात बसला तेव्हा त्याच्या तोंडी ही भाषा नव्हती. त्याची बोली आम्ही संगमेश्वरी म्हणतो ती, किंवा खालच्या अंगाची मालवणी. ती बेटावर टिकली नाही आणि तिला रकानाही मिळाला नाही. मॉरिशसच्या मुलाला पूर्वजांच्या नावाने मिळते ती पुण्याच्या छापखान्यातली भाषा. याचा दोष मॉरिशस सरकारला देता येणार नाही. त्यांनी महाराष्ट्राकडे मराठी मागितली आणि महाराष्ट्राने आपली सरकारमान्य मराठी पाठवली.

मात्र एक गोष्ट कुणी न शिकवता गेली आणि राहिली. मॉरिशसचे मराठी लोक गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. ज्याने पालीच्या आसपास गणपतीच्या दिवसांत एक रात्र काढली आहे त्याला हे काय आहे ते सांगायला नको. आमची ही जाखडी. मधे ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती पायांत चाळ बांधलेल्या पोरांचं रिंगण. एक पाय पुढे, झुकून मागे, गिरकी, आणि लय वाढत वाढत अशी वाढते की बघणाऱ्याचाही पाय थांबत नाही. आमच्याकडे तिच्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात आणि सवाल-जवाबाचे सामने पहाटेपर्यंत चालतात. मुंबईच्या गिरणगावात तिला बाल्या डान्स म्हणून हिणवलं, तरी ती मेली नाही. मॉरिशसमध्ये हेन्रिएटा गावात १८९६ साली भिवाजी घराण्याने गणपती बसवला, तिथला तो पहिला, असं मानतात. तेव्हा ना सांस्कृतिक केंद्र होतं, ना अनुदान. सरकार आलं ते सत्तर वर्षांनी, आणि त्याने आयत्या उभ्या असलेल्या गोष्टीला सुट्टी दिली.

मग सरकारने बेटाची म्हणून जी ओळख घडवायची होती तिचं काय झालं? ती घडली, पण सरकारचं लक्ष दुसरीकडे असताना. १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ सरकारने प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत म्हणून घटनादुरुस्ती आणली. गुलामांच्या वंशातल्या क्रियोल मुलांना ‘पूर्वजांची भाषा’ नव्हतीच, म्हणजे ती मुलं मागे पडणार. दुरुस्ती फेटाळली गेली, संसद विसर्जित झाली आणि निवडणुकीत मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रियोल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट कित्येक दिवस पेटलेलं राहिलं. तेव्हा कुठे ध्यानात आलं, की सगळ्यांच्या पूर्वजांची सोय लावताना ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून साखळदंडात आले त्यांच्यासाठी उरलं होतं ते ‘सर्वसाधारण’ एवढंच नाव. क्रियोल शाळेत आली ती २०१२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी. भोजपुरी आणि क्रियोलसाठी भाषक संघही त्याच सुमारास झाले. रॉड्रिग्ज हे धाकटं बेट तर ‘आम्ही मॉरिशसचेही नाही’ असं म्हणत राहिलं आणि २००२ मध्ये त्याला स्वायत्तता द्यावी लागली. साऱ्या देशाला जोडणारी भाषा सरकारने घडवली नव्हती, आणि जी जोडत होती तिला सरकार चार दशकं भाषा मानायला तयार नव्हतं.

यावरून ‘सरकारने यात पडूच नये’ असा सोपा निष्कर्ष काढता येईल. पण शेजारचं रियुनियन बेट बघा. तिथेही ऊस, तिथेही गुलाम आणि मागून तमिळ मजूर. १९४६ पासून ते थेट फ्रान्सचा एक जिल्हाच आहे, आणि फ्रेंच गणराज्य नागरिकाचा वंश विचारत नाही, मोजत नाही. तिथल्या तमिळ वंशाच्या माणसाचं नाव सर्रास फ्रेंच ख्रिस्ती असतं आणि तमिळ शिकायची तर हौस म्हणून. तितकं लांबही जायला नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत कैदेत आला, १९१६ मध्ये इथेच गेला. त्याची नात टूटू आयुष्यभर रत्नागिरीची मराठी बोलत जगली. राजघराण्याची भाषा दोन पिढ्यांत संपली. त्यांच्यामागे ना संख्या होती ना शाळा. रकाना नसता तर मॉरिशसच्या मराठी माणसाचंही हेच झालं असतं. क्रियोल बोलणारा, आडनाव भिवाजी असलेला एक माणूस उरला असता आणि भिवाजी म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं नसतं. सरकारी ओळख खोटी म्हणून टाकता येत नाही. ती प्रश्न विचारण्यापुरता पत्ता शिल्लक ठेवते, हे तिचं खरं काम. उत्तर मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं.

ते देण्याची जबाबदारी आपली होती आणि आपण पुतळे पाठवतो आहोत. एप्रिल २०२३ मध्ये उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते मॉरिशसच्या महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि भवनाच्या विस्तारासाठी आठ कोटी रुपये जाहीर झाले. पुतळ्याला विरोध करायचं कारण नाही. पण तोही पुन्हा रकानाच भरणं आहे: मराठी म्हणजे शिवराय, फेटा, लेझीम. ही आपण निर्यातीसाठी बांधून ठेवलेली ओळख आहे, आणि ती मॉरिशसमधल्या कास्काव्हेलच्या मुलाला जितकी परकी तितकीच पालीतल्या कुणब्याच्या मुलालाही थोडी पोशाखी वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, दोन हजार वर्षांचे पुरावे मोजले गेले, आनंद झाला. संगमेश्वरी बोलीला त्या आनंदात कुठे जागा होती? आमच्या शाळेत ती बोलणारं पोर आजही ‘अशुद्ध’ बोलतं. क्रियोलला चाळीस वर्षं दाराबाहेर उभं करणाऱ्या मॉरिशसला नावं ठेवताना हे आठवलेलं बरं.

आणि योग बघा, २०२४ च्या अखेरीस राज्याचं मराठी भाषा खातं ज्यांच्याकडे आलं ते उदय सामंत पालीचेच. त्यांच्या खात्याकडे मागायचं तर भवन मागू नये. मोक्याच्या रजिस्टरांत मुंबई बंदरातून गेलेल्यांची जी गावं नोंदली आहेत त्यांची यादी आणून, कोकणातल्या जाणत्या माणसांना बसवून ती गावं ओळखून घ्यावीत; महसुली गावांची आणि वाड्यांची नावं आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात आहेत. संगमेश्वरी बोलीचं ध्वनिमुद्रण आणि शब्दसंग्रह करावा, आणि तो मॉरिशसच्या मराठी शिक्षकांपर्यंत पोचवावा, म्हणजे त्यांच्या पुस्तकात पूर्वजांची भाषा निदान एका धड्यापुरती तरी येईल. शक्ती-तुऱ्याची दोन फळ्यांची पोरं ऐन गणपतीत नाही, पण नंतर महिनाभर तिकडे धाडावीत आणि झाकरीवाले इकडे आणावेत. दोन्ही रिंगणांत काय उरलं, काय बदललं, हे नाचणाऱ्यांनाच सर्वांत आधी कळेल. यातून कुणाचा दर्जा वाढणार नाही आणि फोटोही फार चांगले येणार नाहीत. पण पालीची माणसं आणि हेन्रिएटाची माणसं सरकारी मध्यस्थाशिवाय एकमेकांना काहीतरी विचारू लागतील. सरकारने एवढं घडवून आणावं आणि मग बाजूला व्हावं. मॉरिशसच्या सरकारला हे बाजूला होणं साधलं नाही. आपल्याला साधेल, असं निदान आपल्या आजवरच्या सवयीवरून तरी वाटत नाही, म्हणून ते मागून घ्यायला हवं.